संपर्क नाही

अंगणात गाडी थांबल्याचं ऐकताच मॅमॉनं आपल्या लेकीला, डार्लाला, दंडाला धरून सामानाच्या खोलीत ढकललं. "आत बस. खोकलीस तर याद राख."

डार्ला म्हणजे लेसीची आई. लेसी दुसरीत असताना तिला आजीच्या, म्हणजे मॅमॉच्या गळ्यात टाकून गेली, ती थेट काल संध्याकाळी ओहायोहून उगवली. हातात ॲपल पाय, डोळ्यांत पाणी. यायला मुहूर्त तरी कसला शोधला बाईनं!

आलेले गृहस्थ शाळेतले मार्गदर्शक, प्रेटर सर. लेसीला कॉलेजसाठी सरकारी मदत मिळायची, तर या मुलीचा आईशी कसलाही संबंध उरलेला नाही, असं त्यांनी लिहून द्यायला हवं होतं. संबंध आहे म्हटलं, की आईच्या नव्या नवऱ्याची कमाईही मोजली जाणार. आणि डझनभर ट्रकांचा तो मालक लेसीला दमडी देणार नव्हता. डार्लानंच काल रडत रडत तसं सांगितलं होतं.

"बाहेर ओहायोच्या नंबरची गाडी दिसतेय," सर सहज म्हणाले.

"चर्चमधल्या बाईची आहे. बंद पडलीय." मॅमॉ बीन्स ढवळत राहिली.

सरांनी टोपी मांडीवर ठेवली. "लेसी, विचारावं लागतं, वाईट वाटून घेऊ नकोस. आईचा फोन वगैरे? वाढदिवसाला कार्ड?"

"नाही."

"कधी भेटायला?"

सामानाच्या खोलीच्या दाराला कडीसुद्धा नव्हती. आतला श्वास सरांना ऐकू जाईल, असं लेसीला सारखं वाटत होतं.

"कधीच नाही, सर. मला तर तिचा चेहराही आठवत नाही."

एवढं बोलायची काही गरज नव्हती. नुसतं 'नाही' पुरलं असतं. पण बोलून गेली, आणि बोलताना बरं वाटलं, याचीच तिला भीती वाटली.

सरांनी कागदावर सही केली. "गुणाची पोर आहेस. जा, शिक." जाताना त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. गाडी उतार उतरून दिसेनाशी झाली.

मग आतून दारावर हळूच टकटक झाली.

"लेसी? गेले का गं ते?"

लेसी जागची हलली नाही. उठावं, दार उघडावं, असं तिला फार वाटत होतं.

"लेसी, येऊ का बाहेर?"

तिनं मॅमॉकडे पाहिलं. म्हातारीचे डोळे भरून आले होते, पण हातातला डाव थांबला नव्हता.

"मॅमॉ, आई हाक मारतेय."

"मला नाही बाई कुणाची हाक ऐकू आली," मॅमॉ म्हणाली. "वाडगे काढ. दोनच."