आतून कडी

बायकोच्या तेराव्याला दुखवट्याची टोपी माझ्या डोक्यावर ठेवायची सोडून मेहुण्याने ती हातातच धरली.

"दाजी, आग्या मोहोळ उठलं तेव्हा अक्काला बाहेर टाकून तुम्ही देवळात पळालात ना?"

"डॉक्टर म्हणाले, अशा वेळी मेंदू आपल्याला विचारत नाही. आधी पाय पळतात, मग भीती कळते."

"आणि दाराची कडी? तीपण पायांनीच लावली?"

माझे मामा त्याच्यावर ओरडले, "गप बस! एवढ्या माश्यांच्या घोंघावण्यात याला तिची हाक ऐकू तरी आली असेल का?"

मेहुणा घुटमळला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी नुसतं नाही म्हणालो असतो, तरी भागलं असतं.

"ऐकू आली," मी म्हणालो. "तीस वर्षांत पहिल्यांदाच तिने माझं नाव घेतलं."