उशाचा तांब्या

किल्लारीच्या भूकंपापासून गोदाबाई उशाशी तांब्यावर तांब्या रचूनच निजायची. जमीन हलली तर आधी भांडं बोंबलेल. तिच्या सुनेनं लातुरात कोचिंगच्या पोरांना डबे पोचवणारं अ‍ॅप काढलं होतं. ते वाढवायला आता ती धंदा शिकवणाऱ्या अमेरिकेतल्या एका गुरुबाईच्या घरी राहून शिकणार होती. “डब्याला अमेरिकेची अक्कल लागती व्हय?” म्हणत येरझारा घालणाऱ्या गोदाबाईनं गुरुबाईशी चालू असलेल्या व्हिडिओ कॉलमध्येच सुनेचा फोन हिसकावला. “बाई, सून तुमच्या पदरात घालते. तिकडं जमीन हलती का?” सुनेनं तेच इंग्रजीत विचारलं. गुरुबाई हसली नाही. तिनं वाकून पलंगाच्या खुराला बांधलेले बूट दाखवले. “हलती म्हणं. फुटक्या काचांवरून पळायला बूट,” सून पुटपुटली. आता सासू अडवणारच, तिला वाटलं. गोदाबाईनं बूट निरखले, मग उशाचा वरचा तांब्या सुनेच्या बॅगेत कोंबला. “जा खुशाल. ही बी माझ्यासारखीच कान उघडे ठेवून निजती.”