उखाण्यातलं नाव

"सदानंद टिपणीस बोलताय ना? कर्ज हवंय का?"

"ते नाहीत हो," म्हणून सिंधूताईंनी फोन ठेवला. पती जाऊन वर्ष झालं, तरी रोज असे फोन यायचे. कुठल्याशा वेबसाइटने त्यांचं नाव आणि घरचा नंबर बाजारात मांडला होता. "पुरे झालं आता, आई," म्हणत सुनेने त्या वेबसाइटवाल्यांनाच फोन लावला.

पलीकडची मुलगी म्हणाली, "माहिती काढून टाकते. फक्त पत्नीनेच त्यांचं पूर्ण नाव सांगायला हवं."

सुनेने फोन सिंधूताईंच्या हाती दिला. उखाण्याखेरीज नवऱ्याचं नाव त्यांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. अखेर पदर सावरून त्या म्हणाल्या,

"परसातल्या जाईला पाणी घालते वाकून,
सदानंदरावांचं नाव घेते सर्वांचा मान राखून."

सून हसू दाबत राहिली. पलीकडे टाइप केल्याची टकटक झाली. मग, "आणि आडनाव, आजी?"

ते मात्र त्यांनी लगेच सांगितलं.

आठवडाभरात फोन थांबले. त्या शांततेत सिंधूताईंच्या ध्यानात आलं, नवऱ्याला नावानं विचारणारं आता कुणीच उरलं नाही.

संध्याकाळी जाईला पाणी घालताना त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच, उखाण्यावाचून हाक मारली, "सदानंद!"