गोष्ट असलेली बाहुली

गिऱ्हाइकाने बाहुली पालथी केली, तिचा फ्रॉक वर सरकवला आणि पाठीवरचा शिक्का अंगठ्याने चोळून पाहिला. मग तिचे केस नाकाशी धरून, डोळे मिटून वास घेतला. गल्ल्याशी बसलेल्या दुकानदाराच्या बायकोने मान फिरवली.

"माल अस्सल आहे," सोनेरी चष्मा सावरत गिऱ्हाईक म्हणालं. "पण अशा माझ्याकडे कपाटभर आहेत. हिच्यामागे काही घडलंय का?"

"घडलंय म्हणजे?" दुकानदाराने विचारलं.

"गोष्ट हो! जळालेल्या घरातली, बुडालेल्या बोटीतली, असं काहीतरी. नुसती जुनी वस्तू आता कोण विचारतं?"

सकाळपासून त्या अरुंद दुकानात तिघं येऊन गेले होते. एकाने पितळी घड्याळाचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि तिथेच उभं राहून फोनवर तसलंच स्वस्तातलं शोधलं. एका बाईंना जुना टी-सेट हवा होता, पण वापरलेला नको होता. तिसऱ्याने चपलांच्या खोक्यातून टपालाची साधी तिकिटं आणली होती. यात बंगला येतो, असं कुठल्याशा व्हिडिओत पाहून आला होता; येत नाही म्हटल्यावर दुकानदाराला चोर म्हणून निघून गेला. काचेच्या कपाटाचं कुलूप कित्येक दिवसांत उघडलं नव्हतं. बाहुली तर विकायची नव्हतीच. कपाट ओकंबोकं दिसू नये म्हणून लेकीने आपली लहानपणची बाहुली घरून आणून ठेवली होती.

"घडलंय," दुकानदार म्हणाला.

बायकोने वर पाहिलं.

"एक मुलगी होती. नुकतीच शाळेत जायला लागलेली. ही बाहुली क्षणभर सोडायची नाही. शेवटपर्यंत हातात होती."

"शेवटपर्यंत म्हणजे... गेली?"

"गेली."

"कुणाची?"

"इथलीच. शेजारची."

चष्मेवाल्याचा चेहरा पडला. त्याने बाहुली काचेवर ठेवून दिली. "ऐकीव गोष्टी सगळेच सांगतात हो. शेजारची, ओळखीतली, कुणाची तरी. चला, येतो."

तो दारापर्यंत पोचला.

"शेजारची नाही," दुकानदार मागून म्हणाला. "आमची."

बायको उठून उभी राहिली. "अहो..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

चष्मेवाला परत फिरला. थेट तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "काय सांगता, वहिनी? तुमची?"

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. नवरा तिच्याकडे बघतही नव्हता. कपाटाच्या उघड्या कुलपाकडे बघत होता. तिने तोंड मिटलं. ओठांवर आलेलं 'नाही' गिळलं, तसं डोळ्यांत पाणी आलं.

ते पाणी चष्मेवाल्याने मन लावून पाहिलं. मिठाईच्या दुकानात माणसं पाहतात तसं.

"राहू द्या, वहिनी, राहू द्या. पटलं मला." त्याने बाहुली पुन्हा उचलली आणि या वेळी छातीशी धरली. "काय म्हणायचात लेकीला?"

"ठकू," दुकानदार म्हणाला. तेवढं खरं होतं.

"वा! आता तिचा एखादा फोटो मिळाला की सोन्याहून पिवळं. बाहुलीशेजारी चौकटीत लावतो. माझ्याकडे येणारी मंडळी दर्दी आहेत. रडल्याशिवाय जायची नाहीत."

 दुकानदाराने गल्ल्याची काच उचलली आणि खालचा फोटो ओढला. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, काखेत तीच बाहुली. इतक्या वर्षांत फोटो काचेला चिकटला होता. ओढताना एक कोपरा फाटला.

"बरंच झालं फाटला ते," चष्मेवाला म्हणाला. "खरा वाटतो."

भाव त्याने एकदाही पाडून मागितला नाही.

दुकानदार बाहुली कागदात गुंडाळत असतानाच दार ढकलून त्यांची एकुलती एक लेक आत आली. कामावरून दमून आलेली, खांद्यावर पर्स. "आई, निघायचं ना?" म्हणताना तिला कागदाबाहेर आलेले बाहुलीचे पाय दिसले. मग परक्या माणसाच्या हातातला आपला फोटो दिसला.

"ही धाकटी," दुकानदार घाईघाईने म्हणाला.

"म्हणजे ठकूची बहीण!" चष्मेवाल्याचा आवाज मऊ झाला. "आठवते का गं तुला ती?"

लेकीने बापाकडे पाहिलं. त्याने मान खाली घालून दोरा बांधायला घेतला. तिने आईकडे पाहिलं. आई पदराने डोळे पुसत होती. कळायला तिला वेळ लागला नाही.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या जन्माआधीच गेली ती."

"अरेरे. चेहरा मात्र तोच हो, हुबेहूब," असं म्हणत त्याने एकदा फोटोकडे, एकदा तिच्याकडे बघून घेतलं आणि पुडकं काखेत मारून तो तृप्त चेहऱ्याने बाहेर पडला.

दार लागलं. बायकोने स्पिरिटचा बोळा घेतला आणि जिथे जिथे त्याचे हात टेकले होते तिथली काच पुसायला लागली. पुसून झालेली जागा पुन्हा पुसू लागली. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही. तो कपाटातल्या उरलेल्या वस्तू जरा पसरून मांडत होता, मोकळी जागा दिसू नये म्हणून.

लेक स्टुलावर बसली. पर्स तिने खांद्यावरून काढली नाही.

"बाबा, मी कशाने गेले?"

त्याचे हात थांबले.

"तापाने," पाठमोराच तो म्हणाला. आणि मग, लहानपणी ती आजारी असताना उशाशी बसून बोलायचा त्याच आवाजात, "पटकन गेलीस गं. त्रास नाही झाला तुला."