किल्ली कोणाच्या खिशात

टॉवरच्या टोकाला पोचून उस्तादने कमरेचा पट्टा अडकवला, अँटेनाला हात घातला आणि सवयीने खिसा चाचपला. खिसा रिकामा.



मोठ्या केंद्राचे कार्यक्रम पुढे पोचवणाऱ्या डोंगरावरच्या या सहक्षेपण केंद्राचा नियम एकच, आणि तोही उस्तादनेच घालून दिलेला: वर चढणाऱ्याने ट्रान्समीटरची किल्ली खिशात घेऊनच चढायचं. म्हणजे खाली कोणी चुकूनही यंत्र सुरू करू शकत नाही. सुरू झालं तर अँटेनाला चिकटलेल्या माणसाचा कोळसाच. नव्या ऑपरेटरबाईंना त्याने हे आठवडाभर इतकं घोकवलं होतं की बिचारीचे कान किटले असतील. आणि आज हे शहाणे स्वतःच किल्ली यंत्राला लटकवून वर आले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

तेवढ्यात खाली फोनची बाहेरची घंटा खणखणली. मोठ्या केंद्रातले साहेबच असणार. बातम्यांची वेळ झाली होती आणि बातम्या चुकलेल्या त्यांना खपत नसत. साहेब तापट, बाई नवीन. उस्तादने हाका मारल्या, पण वारा खालून वर येत होता. उतरावं, तर वाट खालच्या अँटेनांना अंग घासूनच जात होती.

घंटा थांबली. म्हणजे बाईंनी फोन उचलला. उस्तादने डोळे मिटले. सकाळी चहा पांचट झाला म्हणून बायकोला उगाच बोललो, एवढंच त्याच्या मनात आलं.

डोळे उघडले तेव्हा बाई टॉवरच्या पायाशी उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला. हातात किल्ली होती. घंटा पुन्हा वाजू लागली, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

काम उरकून उस्ताद खाली उतरला. बाईंनी मुकाट्याने किल्ली पुढे केली. त्यांच्या जागी तो असता तर वर्षभर ऐकवलं असतं. बाई, तुमचे उपकार फिटायचे नाहीत, असं म्हणायचं होतं त्याला. पण साहेब काय म्हणाले, एवढंच त्याने विचारलं.

"लगेच सुरू करा, नाहीतर लेखी उत्तर द्या," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, लेखी देते."

फोन परत वाजला. या वेळी उस्तादने उचलला. बातम्या कोणामुळे बुडाल्या, असं साहेब कडाडले.

"बुडाल्या माझ्यामुळे, साहेब. आणि हे सांगायला मी उरलोय, ते बाईंमुळे."