पावाच्या टोपलीतला बीपर

मसुरीच्या आमटीबरोबर खायला पाव कापावा म्हणून गुड्रुनने टोपलीवरचा रुमाल उचलला, तर खाली लेकीचा, रोन्याचा, बीपर लुकलुकत होता. डोंगरावरून बर्फाचा लोट आला आणि माणूस गाडला गेला, तर वरच्यांना त्याचा माग लागावा म्हणून छातीशी बांधतात, तो. काल रात्रीपासून तो इमानेइतबारे पावाचा ठावठिकाणा कळवत होता.

टोपलीत तो तिनेच ठेवला होता. जाहिरातीत चार जणांसाठी म्हणून सांगितलेला हा फ्लॅट. तिघं आत आली की एकाला पलंगावर बसून राहावं लागे. जेवायचं, पत्ते खेळायचे, मोजे वाळत टाकायचे, सगळं एकाच टेबलावर. रात्री ताटं मांडायला जागा हवी म्हणून तिने हाताला लागेल ते उचलून मिळेल तिथे कोंबलं होतं. आणि सकाळची घाईही तिचीच. "साडेआठच्या आत पोचला नाहीत तर तासभर रोपवेच्या रांगेत कुडकुडाल," असं म्हणत तिने बापलेकीला जवळजवळ दाराबाहेर ढकललं होतं.

आज नेमकी ती दोघं स्कीच्या आखलेल्या वाटा सोडून पलीकडच्या उतारावर जाणार होती. रोन्या एकोणीस वर्षांची झाली की नेईन, असं तिच्या बापाने, फोल्करने, कबूल केलं होतं. "बर्फ कोसळण्याच्या धोक्याचा आकडा तीन आहे, पाच नाही," बुटांचे पट्टे आवळताना तो म्हणाला होता. पाचापैकी तीन म्हणजे कमी कसे, हे गुड्रुनला आठवडाभर समजलं नव्हतं, पण सुट्टीत भांडण नको म्हणून ती गप्प बसली होती.

फोल्करचा फोन बंद. रोन्याचा नुसता वाजत राहिला. गुड्रुनने मसुरीखालची शेगडी बंद केली, बीपर कोटाच्या खिशात टाकला आणि दुखऱ्या गुडघ्याने जिना उतरली.

कार्निव्हलच्या सुट्टीत अर्धं जर्मनी या एका गल्लीत येऊन उतरलं होतं. बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती चालत निघाली. खांद्यावर स्की घेतलेला माणूस वळला की मागच्याने मुकाट वाकायचं, अशी गर्दी. एवढ्यात कड्यामागून हेलिकॉप्टर आलं. मोडलेले पाय न्यायला ते दिवसातून चार-पाचदा येतच असे. आठवडाभर तिने कधी मान वर केली नव्हती. आज ती रस्त्याच्या मधोमध थांबली आणि मागून कुणीतरी तिच्यावर आदळलं.

रोपवेच्या दाराशी एक पिकल्या मिशांचा, इथलाच तिरोली माणूस उभा होता. त्याने हात आडवा धरला.

"पासाशिवाय नाही, बाई."

"माझी मुलगी हा न घेताच गेलीय." तिने बीपर पुढे केला. "तिला पोचवायचाय."

"कुठे पोचवणार? वर डोंगर केवढा पसरलाय, बघितलाय का?" मग तिच्या पायांकडे त्याचं लक्ष गेलं. ती घरातल्या सपाता घालूनच आली होती. त्याचा आवाज उतरला. "घाबरू नका. आखलेली वाट संपते तिथे फाटक आहे. जाणाऱ्याच्या अंगावर बीपर चालू असला तर हिरवा दिवा लागतो, नसला तर लाल. बाप शहाणा असेल तर लाल बघून तिथूनच माघारी फिरवेल."

"शहाणा आहे," गुड्रुन म्हणाली. लग्नाच्या बावीस वर्षांत तिने फोल्करला इतकं ठामपणे शहाणं म्हटलं नव्हतं.

म्हाताऱ्याने तिला त्याच्या खोलीतला बाक दिला. तिथे बसल्यावर तिला जरा बरं वाटलं. लाल दिवा लागला असणार, फोल्कर चिडला असणार आणि आता दोघं साध्या वाटांवर लहान पोरांच्या रांगांमधून कंटाळून घसरत असणार. चिडू दे. जन्मभर चिडू दे. खाली उतरणारा एकेक चेहरा ती बघत राहिली आणि टोपलीचं कसं सांगायचं ते मनात जुळवत राहिली.

दीड वाजता ती दोघं आली. रोन्या पुढे होती. कमरेपर्यंत बर्फ, टोपीत बर्फ, भुवयांवर बर्फ. झाडून सपाट केलेल्या वाटांवर कुणाच्या भुवयांना बर्फ लागत नाही. गुड्रुन बाकावरून उठली.

"आई, तू इथे? आणि सपाता काय? जेवण करपलं की काय?"

गुड्रुनने बीपर तिच्या हातात ठेवला. रोन्याने हसत हसत छाती चाचपली. मग जाकिटाची चेन ओढून आत हात घातला आणि तिचं हसू तिथेच थांबलं.

"रात्री मीच टोपलीत ठेवला," गुड्रुन म्हणाली. "चूक माझी. पण वर फाटक होतं ना?"

"होतं की," फोल्कर घाईघाईने म्हणाला. "दिवा बघितल्याशिवाय मी पोरीला पुढे नेईन का? मागे ही गर्दी, लोक ढकलत होते, तरी थांबून बघितला मी. खांद्याला खांदा लावून गेलो दोघं. हिरवा लागला."

"कितीदा?"

फोल्करने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग त्याची नजर लेकीच्या उघड्या जाकिटावर गेली आणि हात स्वतःच्या छातीवरच्या बीपरवर.

"एकदा," तो म्हणाला.