डाळिंबी ठिपका

“मंदे, करंटच्या स्क्रूला बोट लावशील तर बघ!” वर्कशॉपमधल्या पांचाळमास्तरांचा तो आवाज तीस वर्षं झाली तरी मंदाकिनीच्या कानात होता. तिने तेव्हा लावलंच होतं बोट. जादा करंट जाऊन लेथ मशीनची मोटर जळाली, आळ मास्तरांवर आला, त्यांची फोरमनकी हुकली आणि हिने तोंडाला कुलूप घातलं.

आज तोच जुना लेथ जोर लावताना अडखळत होता, म्हणून तिने निवृत्त मास्तरांना बोलावून घेतलं. मोटरला करंट पुरवणाऱ्या ड्राइव्हच्या सर्किट-कार्डावर तपासताना मीटरचा काटा नेमका त्याच स्क्रूपाशी थरथरला. स्क्रू पुन्हा कुणी फिरवू नये म्हणून मास्तरांनी लावलेला, तिच्या नेलपॉलिशचा डाळिंबी ठिपका अजून तसाच होता.

“मास्तर, तेव्हा हा मीच फिरवला होता.”

मास्तरांनी ठिपक्यावरून अंगठा फिरवला. “ठाऊक होतं गं. उगाच का पॉलिश तुझ्याचकडे मागितलं मी?”